न मोडणारं विमान

जाधव काकूंनी त्यांच्या विमानाशी माझी ओळख करून दिली, तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "यावर उभी राहा."

मी आधी चप्पल काढली. खेळण्यातलं असलं तरी विमान होतं, शिवाय नवं. फ्रिजच्या खोक्यातल्या मऊ फोमचे पंख, मधे बांबूची पट्टी, शेपटीला जुन्या फाइलचं प्लॅस्टिक.

"घाबरतेस काय? पूर्ण वजन दे."

दिलं. पंख चपटा झाला, मग हळूहळू फुगून वर आला. काकूंनी समाधानाने मान हलवली आणि ते उचलून जिन्यावरून खाली भिरकावलं.

सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या इमारतीत आमची दारं समोरासमोर आहेत. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, म्हणून काकू मला 'कॉलेज'च म्हणतात.

"ए कॉलेज, याचा पंख कुठे बसवायचा?"

"काकू, मी बीकॉमला आहे."

"मग काय झालं? कॉलेजलाच आहेस ना?"

नाही म्हणवेना. लायब्ररीत शोधलं. तोल पंखाच्या पुढच्या भागाखाली यायला हवा, असं एका पुस्तकात होतं. तेवढंच भीत भीत सांगितलं. काकूंनी विमान दोन बोटांवर तोललं, जड शेपटीवर उपाय म्हणून नाकाला रबरी चपलेचा तुकडा लावला आणि गच्चीत सोडलं. इतकं सुंदर तरंगलं की मी टाळ्या वाजवल्या. काकूंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. ते पडलं, तेव्हा मात्र धावत गेल्या.

"उडतंय काय बघायचं? आपटल्यावर काय होतं ते बघ."

चिकटवलेला पंख आपटला की जोडापाशी मोडायचा. मग त्यांनी गोंद सोडला आणि पंख रबरबँडने बांधला. आता भिंतीला धडकलं की पंख नुसता सुटून बाजूला पडे. पुन्हा अडकवला की विमान तयार. त्या दिवशी काकूंनी शिरा केला.

"कोणासाठी एवढं?" मी विचारलं.

"आहे एक गिऱ्हाईक. फार आपटतं."

नातू असेल, असं मला वाटलं.

एका रविवारी विमान गच्चीवरून खाली गेलं ते थेट सोसायटीचे सेक्रेटरी मेहताभाई यांच्या टकलावर उतरलं.

"जाधवबाई, ये कोई उमर है?"

"लगा क्या?" काकूंनी वरून विचारलं.

"नहीं, लेकिन..."

"और उसको? टूटा क्या?"

मेहताभाईंनी विमान उलटसुलट करून पाहिलं. "नहीं."

"फिर ठीक है."

मी टाकीमागे लपले. गच्चीला कुलूप लागलं, आणि परत वरून काही पडलं तर मीटिंग लावू, असं मेहताभाईंनी बजावलं.

"आता घरातच करू," काकू म्हणाल्या. त्यांच्या घरात मी तेव्हा पहिल्यांदाच गेले. काका आजारी आहेत एवढंच ऐकलं होतं. काका पूर्वी बस चालवायचे. आता उशांना टेकून पलंगावर बसले होते. काकूंनी विमान त्यांच्या उजव्या हातात दिलं. हात वर गेला, थरथरत पुढे आला, पण मूठ उघडेपर्यंत उशीर झाला. विमान नाकावर फरशीत. पंख सुटला.

काकूंनी पंख अडकवला. "बघा, काही झालं नाही त्याला." परत हातात दिलं. परत फरशी.

मी पाणी प्यायच्या निमित्ताने किचनमध्ये गेले. काकू मागून आल्या.

"अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवी मूठ सुटत नाही. डॉक्टर म्हणाले, काहीतरी फेकायला द्या. बॉलला कंटाळले, म्हणून विकतचं विमान आणलं. पहिल्याच दिवशी मोडलं. म्हणाले, माझ्या हातून आता सगळं मोडतंच. आठवडाभर तो हात चादरीबाहेर काढला नाही ग."

आणि मी विमानावर पाय द्यायला कचरत होते.

मग कॉलेजातून आले की मी तिकडे जायला लागले. माझं काम पंख शोधून आणायचं. ते टीव्हीखाली जायचे, एकदा आमटीत गेले.

मागच्या शनिवारी मी टीव्हीपाशीच उभी होते. काकांचा हात पुढे आला आणि मूठ उघडली. वेळेवर. विमान माझ्या डोक्यावरून गेलं, पंख्याखालून गेलं, बाल्कनीच्या दारातून बाहेर गेलं. आम्ही तिघंही त्या रिकाम्या दाराकडे बघत राहिलो. काका स्वतःच्या बोटांकडे बघू लागले.

खालून आवाज आला. "जाधवबाई, फिर से?"

काकू बाल्कनीत गेल्या. आता माफी मागतील, असं मला वाटलं.

"मैंने नहीं फेंका."

"तो किसने फेंका?"

काकूंनी कठडा घट्ट धरला. "इन्होंने," त्या म्हणाल्या, आणि पुढचं हिंदी त्यांना सुचलंच नाही. "उजव्या हाताने."