चौदा तासांनी थोरला

"आधी कोणापुढे वाडगा ठेवू?" एवढंच सोल मॅडमनी विचारलं होतं, आणि तेही छायाचित्रकाराला. पण बांग दोकसूने ते ऐकलं आणि चमचमत्या कोटाची कॉलर ताठ केली.

"थोरल्यापुढे. म्हणजे माझ्यापुढे."

वांदो बंदरातल्या 'निळा खडक' या शेवाळाच्या कंपनीत जाहिरातीचे फोटो निघत होते. वाढदिवसाला शेवाळाचं सूप प्यायचं, हे कोरियात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि बांग-प्यो ही गायकांची जोडी दक्षिण किनाऱ्यावरच्या एकूण एक बाजाराला ठाऊक. तीस वर्षं दोघांनी जुन्या ढंगाची ठेकेबाज गाणी गाऊन मासळीवाल्यांपासून सरपंचापर्यंत सगळ्यांना नाचवलं होतं, आणि त्यांच्या ख्यातीचा अर्धा भाग गळ्यापेक्षा पंचांगावर उभा होता. दोघांचा जन्म एकाच सालचा, एकाच तारखेचा, नऊ मार्चचा. फलकावर लिहिलेलंच असे, 'एक दिवस, दोन गळे.' यंदा दोघांनाही साठ वर्षं पुरी होत होती, म्हणूनच कंपनीने शेवाळाच्या पाकिटावर त्यांचा फोटो छापायचं ठरवलं होतं. दोकसूला त्या पाकिटाचा ध्यास लागला होता. बाजार उठला की लोक आपल्याला विसरतात, हे त्याला आतून खात असे. आता घरोघरच्या ओट्यावर तो मुक्कामाला जाणार होता.

"थोरले?" सोल मॅडम गोंधळल्या. कंपनीच्या जाहिराती त्याच बघत. बाई तिशीतल्या, कामाला वाघ. "तुम्ही दोघं एकाच दिवशी जन्मलात ना? मग वाडगे शेजारीशेजारी ठेवू."

"एका दिवशी, पण एका वेळी नाही. मी पहाटेचा, हा दिवेलागणीचा. चौदा तासांनी मोठा आहे मी. काय रे चुनबे?"

"हो दादा," प्यो चुनबे म्हणाला. तो तीस वर्षं हेच म्हणत आला होता. दादांना पुढची खुर्ची, दादांना माशाचं डोकं, दादांना दोन्ही हातांनी ओतलेला प्याला. आपण अदबीने मान वळवून प्यायचं, आणि कार्यक्रम संपला की स्पीकर उचलायचा. दोकसूही मोठेपणा नुसता मिरवत नसे. गाडी तो चालवायचा, बोलणी तो खायचा, आणि जेवण झालं की गल्ल्याकडेही तोच जायचा. थोरल्याने पैसे द्यायचे, ही रीत त्याने एकदाही मोडली नव्हती.

"तसं असेल तर पाकिटावर लिहूनच टाकू," मॅडमना कल्पना आवडली. "चौदा तासांचे दादा! पण कंपनीला पुरावा लागेल. तारखेचे दाखले आहेत माझ्याकडे. वेळेचं काय?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला? माझ्या दाखल्यात वेळसुद्धा लिहिलीय, पहाटे साडेचार. याच्या वेळेला याची बहीण साक्षीला आहे. तेरा वर्षांची होती ती तेव्हा."

चुनबेचा चेहरा उतरला. "दादा, कशाला उगाच? मी मानतोय ना तुम्हाला मोठं. लेखी देतो हवं तर."

"तू मानतोस रे, जगाने मानायला हवं. कुठे असते सध्या तुझी बोकसिम ताई?"

"फार लांब असते हो. आणि तिची तब्येतही..."

"प्यो बोकसिम?" मॅडमनी विचारलं. "त्या तर आमच्याच वाळवणीवर आहेत. आत्ताच खाली मुकादमाला झापत होत्या."

दोकसूने मांडीवर थाप मारली. चुनबेने शेवटचा प्रयत्न म्हणून पोटात कळ आल्याचं सांगितलं, पण मॅडमनी त्याला गोळी दिली आणि ताईंना बोलावणं धाडलं.

ताई गमबूट घालूनच वर आल्या. त्र्याहत्तरीची बाई, पण जिना चढताना धाप नाही. भावाला बघून त्या म्हणाल्या, "हा काय कोट रे चुनबे? मासा सोलून पांघरल्यासारखा दिसतोस."

"ताई, एवढंच सांगा," दोकसू पुढे सरसावला, "हा कोणत्या वेळी जन्मला?"

"हा? दिवेलागणीला. कंदील मीच लावला होता."

"ऐकलंत?" दोकसूने मॅडमकडे असं पाहिलं, की जणू तो खटलाच जिंकला होता. खरं तर इथेच थांबायचं. पण जिंकलेल्या माणसाला थांबता येत नाही. "ताई, जरा सविस्तर सांगा त्या दिवसाचं. मॅडमची खात्री पटू दे."

"सविस्तर काय त्यात? आई अंगणात हिवाळ्याच्या बेगमीची किमची घालत बसली होती. शंभर कोबी मीठ लावून ठेवलेले, आणि ह्याची घाई! तिखटाचे हात धुवायलासुद्धा सवड दिली नाही कार्ट्याने. सगळे कोबी मी एकटीने भरले. आठ दिवस बोटांची आग होत होती."

सोल मॅडमचं पेन थांबलं. "ताई, मार्चमध्ये किमची?"

"मार्चमध्ये कोण घालतंय? नोव्हेंबरात."

"पण दाखल्यावर नऊ मार्च आहे."

"तो बाबांच्या आठवणीचा दिवस. पोर जगतंय का बघू, मग नोंद करू, म्हणून थांबले आणि विसरले. मार्चमध्ये डुक्कर विकायला तालुक्याला गेले, तिथे कचेरीची पाटी दिसली, तेव्हा त्यांना आठवलं, की घरी एक मुलगाही झालाय. कारकुनाने विचारलं, कधी झाला? बाबा म्हणाले, आज."

दोकसूने बोटांवर महिने मोजले, पुन्हा मोजले. "म्हणजे... आधीच्या नोव्हेंबरात?"

"तर! घोड्याच्या वर्षातला आहे हा. तू त्याच्या पुढच्या, मेंढीच्या वर्षातला ना रे?"

मध्ये नवं वर्ष उलटलेलं, आणि थोरलेपण तिथे सालावरून मोजतात. नुसता चार महिन्यांचा प्रश्न नव्हता, अख्ख्या वर्षाने चुनबे मोठा होता. तीस वर्षं दोकसू आपल्याहून थोरल्या माणसाला 'अरे चुनबे, स्पीकर उचल' म्हणत आला होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि त्यामागोमाग त्याला पाकीट आठवलं.

"मॅडम," त्याचा आवाज पार बसला, "आता जाहिरात गेली म्हणायची."

मॅडम दोन्ही दाखले शेजारीशेजारी ठेवून बघत होत्या. मग त्या हसायलाच लागल्या. "माझ्या वडिलांचाही वाढदिवस असाच आहे. त्यांच्या पिढीत निम्म्या लोकांची तारीख कचेरीच्या पाटीनेच ठरलीय. आणि आमचं शेवाळ घेतं कोण? तेच लोक." त्यांनी जुनी ओळ खोडून नवी लिहिली आणि मोठ्याने वाचली, "'वाढदिवस कागदावर एक, सूप पातेल्यात एक.' ही जास्त खपेल. बसा दोघं. ताई, तुम्हीच वाढा."

ताईंनी वाडगा भरला. तो दोकसूच्या नाकासमोरून वाफा सोडत गेला आणि चुनबेपुढे टेकला. दोकसूचा वाडगा मागून आला. त्याने तोंड हसरं ठेवलं, फोटो छान आला, पण सूप त्याने तसंच ठेवलं.

बाहेर पडल्यावर त्याने चुनबेला गाठलं. "तुला... तुम्हाला ठाऊक होतं?"

"लष्करात जाताना ताईने सांगितलं होतं."

"मग तीस वर्षं मला दादा का म्हणत राहिलात?"

चुनबे बुटाने वाळू उकरत राहिला. "सुनचोनच्या बाजारात आपण पहिल्यांदा भेटलो, आठवतंय? तू तारीख विचारलीस आणि उडीच मारलीस. म्हणालास, मी पहाटेचा, म्हणजे मी थोरला. आणि डुकराच्या सूपचे दोन वाडगे मागवलेस. मी दोन दिवसांचा उपाशी होतो. म्हटलं, आज असू दे हाच थोरला, उद्या खरं सांगू. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा जेवायला घेऊन गेलास."

दोकसूला हसावं की रडावं कळेना. त्याने दोन्ही केलं, थोडं थोडं.

पण तो काही लेचापेचा गडी नव्हता. धक्क्यावरच्या खानावळीत शिरेपर्यंत त्याला या उलथापालथीतला फायदा दिसला होता. त्याने दाराजवळची धाकट्याची जागा घेतली, चुनबेला भिंतीशी मानाने बसवलं, ताईंना मध्ये. "चुनबेदादा," तो गोड आवाजात म्हणाला, "आज तुमच्या मर्जीने होऊ द्या. मावशी, मोठा मासा कापा. शिंपले आणा, ते स्वस्तातले नकोत. ताईंना खेकडा. मलाही खेकडा."

दोकसूने चुनबेचा प्याला दोन्ही हातांनी भरला, मान वळवून स्वतःचा रिकामा केला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदाच माशाचं डोकं समोरच्याच्या ताटात वाढलं. धाकटं असण्यात इतकं सुख असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. खेकडाही त्याने निवांत चोखून खाल्ला.

मावशींनी बिल आणून ठेवलं. दोकसूने अदबीने ते चुनबेकडे सरकवलं. चुनबेने कोटाचा डावा खिसा चाचपला, मग उजवा, मग पँटचे दोन्ही.

"काय झालं दादा?"

"पाकीट."

"घरी विसरलात?"

"नाही रे," चुनबे म्हणाला. "माझ्याकडे पाकीट नाहीच. कधी लागलंच नाही."

ताईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि उरलेला शिंपला उचलून तोंडात टाकला.

"दोकसू," चुनबे हळूच म्हणाला, "कागदावर तर नऊच मार्च आहे ना?"

"आहे."

"आणि पहाटेचा कोण?"

दोकसूने बिल उचललं, कॉलर ताठ केली आणि गल्ल्याकडे जाऊन पैसे मोजून दिले. परत आला तो छाती काढूनच.

"चल रे चुनबे. संध्याकाळी गांगजिनला कार्यक्रम आहे. स्पीकर उचल."

"हो दादा," चुनबे म्हणाला आणि दाराशी ठेवलेल्या स्पीकरपाशी वाकला. स्पीकर नेहमीपेक्षा हलका लागला म्हणून त्याने वळून बघितलं. मागची कडी दोकसूने धरली होती.