आधी खोटं, मग खरं

वेणूअक्का आयुष्यातली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट दोनदा करीत. पहिल्यांदा खोटी आणि दुसऱ्यांदा खरी. हे विधान अतिशयोक्तीचे वाटण्याचा संभव आहे, म्हणून प्रथम एक उदाहरण देते.

बंगळुरात, चामराजपेटेत, त्यांच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ वारले. अक्कांना समाचाराला जायचे होते. निघण्यापूर्वी त्या स्वतःच्या घराच्या उंबरठ्यावर उभ्या राहिल्या, डोळ्यांना पदर लावला आणि "अय्यो, असं कसं झालं हो!" हे वाक्य निरनिराळ्या सुरांत म्हणून पाहू लागल्या. नेमका त्याच वेळी दूधवाला आला. अक्कांच्याच घरी काही अशुभ घडले अशी त्याची समजूत झाली आणि त्याने ती गल्लीभर पोचवली. परिणाम असा झाला, की शेजारची दुःखी मंडळीच आपले दुःख बाजूला ठेवून अक्कांच्या समाचाराला आली.

"दूधवाला मध्ये कडमडला," अक्का मला म्हणाल्या, "नाहीतर तालीम छान बसत आली होती."

"आधी खोटं, मग खरं" हे त्यांचे सूत्र होते. अवरेकाळूच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा घ्यायच्या असल्या, तरी बाजाराच्या वाटेवर त्या भाजीवाली आणि गिऱ्हाईक या दोन्ही भूमिका करीत जात, आणि पुष्कळदा भाजीवालीच जिंकत असे. एकदा डॉक्टरकडे जाताना जटक्यात, म्हणजे तिकडच्या टांग्यात, बसून त्यांची तालीम चालली होती. दवाखाना आला, पण पोटदुखीचे वर्णन मनासारखे जमले नव्हते. त्यांनी जटकावाल्याला गाडी वळवून पुन्हा घरापासून यायला लावले. तोवर पोट दुखायचे थांबले होते, ही गोष्ट वेगळी.

आमची ओळख शाळेतली. पन्नासच्या दशकाची अखेर होती. लग्न होऊन मी साताऱ्याहून बंगळुरास आले. आमचे हे एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, आणि मला मुलींच्या एका शाळेत गणित शिकवण्याची नोकरी मिळाली होती. वेणूअक्का तिथे भूगोल शिकवीत. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, विधवा आणि एकट्या होत्या. त्यांचे घराणे तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले असल्यामुळे त्यांच्या मराठीत 'थोडं'साठी स्वल्प, 'बरं'साठी सरी आणि उठता बसता अय्यो हे शब्द इतके मुरले होते, की ते कानडी आहेत असे कोणी सांगितले असते तर त्यांना पटले नसते. माझे मराठी ऐकून त्या म्हणत, "तुझं बोलणं म्हणजे इस्त्रीचं पातळ. नेसायला भीती वाटते."

शाळेत इन्स्पेक्टर यायचे होते तेव्हाची गोष्ट अजून सांगितली जात असेल. अक्कांनी आदल्या दिवशी वर्गात तालीम घेतली. आधी फळ्यापाशी उभ्या राहून त्यांनी खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांचा धडा शिकवला. मग मागच्या बाकावर बसून, कपाळाला आठ्या घालून, इन्स्पेक्टर म्हणून स्वतःलाच प्रश्न विचारले. पुन्हा फळ्यापाशी जाऊन उत्तरे दिली. अखेरीस इन्स्पेक्टरच्या जागेवरून त्यांनी शेरा दिला, "या बाईंची तयारी कमी आहे." मुलींनी टाळ्या वाजवल्या. खऱ्या इन्स्पेक्टरनी दुसऱ्या दिवशी धड्याची स्तुती केली, तर अक्का स्टाफरूममध्ये येऊन म्हणाल्या, "त्या माणसाला भूगोलातलं काही कळत नाही."

आता मूळ विषयाकडे येते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मला दिवस गेले.

वाचकांना माझी अडचण नीट समजावी म्हणून ती क्रमाने मांडते. मी शाळेत तात्पुरती होते. वर्षअखेर व्यवस्थापक मंडळाची बैठक भरणार आणि तीत मला कायम करायचे की नाही ते ठरणार. मंडळातल्या गृहस्थांचा असा समज होता, की अपत्य व्हायचे असलेल्या शिक्षिकेचे शाळेत लक्ष लागत नाही. माझ्या आधीच्या गणिताच्या बाईंना त्यांनी अतिशय गोड शब्दांत "घरी विश्रांती घ्या" असे सांगितले होते, आणि ती विश्रांती पुढे संपलीच नाही. म्हणजे बैठक होईपर्यंत गप्प राहणे शहाणपणाचे. सासूबाईंचेही तेच मत, पण कारण निराळे. आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात, गाजावाजा न करता, घरातल्या घरात सुनेला हिरवी चोळी देतात. तिला चोरचोळी म्हणतात. ती होईतो बातमी उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती.

गप्प राहिलेही असते. पण त्याच आठवड्यात आमच्या हेडमिस्ट्रेस पद्मावतम्मा यांनी स्नेहसंमेलनात लेझीम ठेवायचे ठरवले, आणि "सुमतीबाई महाराष्ट्राच्या आहेत" एवढ्याच पुराव्यावर ते काम माझ्याकडे दिले. पुढच्या सोमवारपासून सराव सुरू व्हायचा होता. उड्या मारणे, वाकणे, गिरक्या घेणे तुम्हाला पूर्ण वर्ज्य, असे लेडी डॉक्टरांनी मला नुकतेच बजावले होते.

सांगावे तर नोकरी जाईल. न सांगावे तर लेझीम घ्यावे लागेल. यांना विचारले, तर ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "तुझे दोन्ही मुद्दे बरोबर आहेत." इंजिनिअर मनुष्याचा याहून अधिक उपयोग होईल, अशी माझी अपेक्षा होती.

अक्कांना मी काहीच सांगितले नव्हते. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये कॉफीचे डिकॉक्शन आले, त्याचा वास माझ्या नाकात गेला आणि मी पदर तोंडाला लावून बाहेर धावले. परत आले तर दारात वेणूअक्का.

"कितवा?" त्यांनी विचारले.

"कितवा काय, अक्का?"

"तास नव्हे गं, महिना!"

मी सगळे सांगून टाकले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांचे डोळे चमकू लागले, आणि मला धोका कळला.

"सरी," त्या म्हणाल्या. "शाळा सुटल्यावर नकाशांच्या खोलीत ये. मी पद्मावतम्मा होते, तू तूच हो. आधी खोटं, मग खरं."

नकाशांच्या खोलीत आशिया आणि युरोप यांच्या गुंडाळ्यांमध्ये एक खुर्ची होती. अक्का तीत बसल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, आणि माझ्याकडे न पाहता हवेत सह्या करू लागल्या. पद्मावतम्मांची ती सवय इतकी हुबेहूब होती, की मी नकळत पदर सावरून ताठ उभी राहिले.

"बोला."

"मॅडम, मला... मला दिवस गेले आहेत."

"मग उद्यापासून येऊ नका," अक्का म्हणाल्या. "गणिताला कुणीही मिळेल. दार लावून जा."

माझ्या डोळ्यांत खरोखरच पाणी आले. अक्का लगेच खुर्चीतून उठल्या. "छान रडलीस. पण अय्यो, सगळं आजच संपवू नकोस, स्वल्प खऱ्यासाठी ठेव."

दुसऱ्या दिवशीच्या पद्मावतम्मा मात्र सद्गदित झाल्या. त्यांनी मला आशीर्वाद दिला, मुलगी झाली तर कावेरी नाव ठेवा म्हणाल्या, आणि बाळंतविड्याला काय लागते याविषयी इतके बोलल्या, की नोकरीचा विषय राहूनच गेला. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझे वाक्य अर्ध्यावर तोडून "सहावीचे अपूर्णांक कुठवर आले?" असे विचारले. मी सवयीने उत्तर दिले. मग आम्ही दोघी लघुतम साधारण विभाज्यावर बोलत बसलो. अंधारून आल्यावर अक्का दचकून म्हणाल्या, "अगं, तुला काहीतरी सांगायचं होतं ना?"

"अक्का, खऱ्या पद्मावतम्मा यांतल्या कोणत्या?"

"तेच तर कळत नाही! म्हणून तालीम करायची."

या पद्धतीने माणसाचा गोंधळ कमी होतो असे अक्कांचे मत होते. माझा अनुभव असा, की तो रोज एका नव्या पद्मावतम्मेने वाढत होता. गुरुवारी तर कहर झाला. बुधवारी निघता निघता खोट्या पद्मावतम्मांनी माझ्या अक्षरालासुद्धा नावे ठेवली होती. तो राग मनात राहिला असावा. सकाळी खऱ्या पद्मावतम्मा व्हरांड्यात समोर आल्या, तेव्हा मी त्यांना नमस्कार न करता मान फिरवून पुढे गेले.

त्यांनी मला हाक मारून थांबवले. "सुमतीबाई, तब्येत बरी आहे ना?"

वास्तविक सांगण्यास याहून चांगली जागा मिळाली नसती. पण हा प्रश्न आमच्या कोणत्याच तालमीत आलेला नव्हता. "अगदी उत्तम," मी म्हटले.

अक्कांना हे सांगितले तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "आयता प्रश्न विचारला होता गं बाईनं! उत्तम कसली? सकाळपासून दोनदा ओकलीस तू!"

शुक्रवार उजाडला. सोमवार पुढ्यात होता आणि माझे काहीच ठरले नव्हते. नकाशांच्या खोलीत मी सरळ म्हटले, "अक्का, आज तालीम नको. मी सांगतच नाही. लेझीम बसून शिकवीन. बैठक होऊन जाऊ दे, चोरचोळी होऊ दे, मग पाहू."

अक्का खुर्ची माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "आज उलटं करू. तू पद्मावतम्मा हो."

मी बसले. चार दिवस पाहून पाहून मला ती भूमिका पाठ झाली होती. मी हवेत सह्या करू लागले. अक्का दाराशी गेल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि आत आल्या. त्या कोणाची भूमिका करत होत्या ते मला ओळखता येईना. माझी तर नव्हती.

"मॅडम," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मला एक सांगायचं होतं. सुट्टी होऊन जाऊ दे, मग सांगू, म्हणून थांबले होते. आता सांगण्यासारखं काही राहिलं नाही."

हा नवीन प्रकार आहे असे मला वाटले. मी चष्म्यावरून पाहण्याचा अभिनय केला आणि पद्मावतम्मांच्या कोरड्या सुरात विचारले, "मग आलात कशाला?"

"हो ना," अक्का म्हणाल्या. "म्हणूनच मी गेले नाही त्यांच्याकडे."

माझा सही करणारा हात हवेतच राहिला.

अक्का युरोपच्या गुंडाळीची सुटलेली नाडी बांधू लागल्या. त्यांचे यजमान तेव्हा हयात होते. नोकरी अशीच नवी होती, हेडमिस्ट्रेस दुसऱ्या होत्या. "घरी आरशासमोर रोज म्हणत होते. वाक्य चांगलं बसलं होतं. दसऱ्याच्या सुट्टीनंतर सांगायचं ठरवलं. सुट्टीतच सगळं आटोपलं."

"अक्का..."

"शाळा उघडली त्या दिवशी पाचवीवर तास होता. नद्या. एका मुलीनं विचारलं, बाई, बरं नाही का? मी म्हटलं, सरी, सरी, गंगा कुठून निघते ते सांग." नाडीची गाठ त्यांना बसत नव्हती. "कुणाला काही सांगितलंच नव्हतं ना, सुमती. मग कुणी विचारणार तरी काय?"

मी उठून ती गाठ बांधली. पद्मावतम्मा काय म्हणतील, हा प्रश्न तेवढ्यापुरता तरी माझ्या डोक्यातून गेला.

शनिवारी अर्धी शाळा असे. शेवटची घंटा झाल्यावर मी हेडमिस्ट्रेसच्या खोलीत गेले आणि माझ्या मोडक्या कानडीत, कोणत्याही तालमीत न बसणाऱ्या शब्दांत, सांगून टाकले. पद्मावतम्मांनी लेखणी खाली ठेवली. त्यांनी मला हाकलले नाही आणि आशीर्वादही दिला नाही. डॉक्टर काय म्हणतात ते विचारले.

"मंडळाचं मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण त्यांना सांगायचं ते मी सांगेन. तुम्ही त्यांच्यापुढे उभं राहायचं नाही. लेझीम कोण घेणार?"

लेझीम वेणूअक्कांनी घेतले. त्यांनी आयुष्यात लेझीम हातात धरले नव्हते. मी खुर्चीवर बसून सूचना देई आणि त्या मुलींच्या पुढे उभ्या राहून चुकत. मुलींनी त्यांच्या चुकाही इतक्या एकसारख्या उचलल्या, की संमेलनाला आलेल्या पाहुण्यांना तो महाराष्ट्रातला एखादा दुर्मिळ प्रकार वाटला. मंडळाने मला कायम केले नाही, काढलेही नाही. निर्णय पुढच्या वर्षावर ढकलला. सासूबाई मात्र बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

आणि एक गोष्ट त्या सोमवारपासून सुरू झाली. सकाळी मी स्टाफरूममध्ये पाऊल टाकले, की सगळ्यांच्या देखत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वेणूअक्का विचारीत, "सुमती, आज कशी आहेस?" पहिल्या दिवशी साऱ्या माना वर झाल्या. मी लाजून पुटपुटले, "बरी आहे."

"बरी म्हणजे काय?" अक्का म्हणाल्या. "नीट सांग."

तिकडे पाचवीच्या मुली वर्गात गलका करीत होत्या, पहिली घंटा होऊन गेली होती. अक्का काखेत नकाशा धरून दारात उभ्याच होत्या. मी नीट सांगितले, तेव्हाच त्या वर्गावर गेल्या.