भोईरांची गरुड प्लस डीलक्स

जुनी स्कूटर काढून टाकायची आणि मोटरसायकल घ्यायची, एवढंच केसरीनाथ भोईरांनी ठरवलं होतं. कोणती घ्यायची हा प्रश्नच नव्हता. त्या वर्षी मानकोलीत ज्याच्या त्याच्या दारात ‘गरुड’ उभी होती, म्हणजे आपणही गरुडच घ्यायची.

केसरीनाथ नाक्याजवळच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होते. ट्रकमधून आलेला माल उतरवून घेणं आणि समोर आलेल्या माणसाला सल्ला देणं अशी दोन कामं ते करत, त्यातलं दुसरं बिनपगारी. बोअरिंगला पाणी कुठे लागेल, पोराला कोणत्या लाइनला घालावं, कंबर धरली तर काय चोळावं, काहीही विचारा, उत्तर तयार. ‘मला ठाऊक नाही’ हे शब्द त्यांच्या तोंडून त्यांच्या पत्नीनेही, कमळाबाईंनीही, कधी ऐकले नव्हते. (एकदा जरी ऐकले असते, तरी पुढचं सगळं टळलं असतं.)

भिवंडीतल्या शोरूममध्ये ते ऐटीत शिरले. तिथे मनाली नावाची मुलगी होती, खारबावहून रोज येणारी, वयाने त्यांच्या मुलीएवढीच, निशाएवढीच. गरुड घ्यायचीय असं केसरीनाथांनी सांगितलं.

“कोणती गरुड, काका?”

आता हा काय प्रश्न झाला? केसरीनाथांनी लाल गाडीकडे बोट दाखवलं. मनालीने हसून सांगायला सुरुवात केली. ती साधी गरुड. तिच्या पलीकडे गरुड प्लस. मग गरुड डीएक्स आणि त्याच्या शेजारी गरुड डीलक्स. डीएक्स म्हणजेच डीलक्स ना, असं केसरीनाथांच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली की बरेच लोक दोन्ही एकच समजतात, पण तसं नाही. झालं, त्यांनी ओठ मिटून घेतले. पुढे प्लस डीलक्स, स्पोर्ट, स्पोर्ट प्लस आणि यातल्या काहींमध्ये परत ईएस. सगळ्या लाल, सगळ्यांचा आरसा गोल, सगळ्यांच्या टाकीवर तोच पक्षी. केसरीनाथ प्रत्येक नावाला मान हलवत होते. मुलीच्या वयाच्या पोरीला परत सांग म्हणायचं, हे त्यांना शोभणारं नव्हतं.

“सेल्फ पाहिजे का, काका?” मनालीने विचारलं.

केसरीनाथांना वाटलं, गाडी कोणासाठी घेताय असं ती विचारते आहे. एकट्या सेल्फसाठी गाडी घ्यायला ते काही स्वार्थी नव्हते.

“न्हाय, न्हाय,” ते म्हणाले, “फॅमिलीसाठी पाहिजे.”

मनाली क्षणभर थांबली. मग म्हणाली की फॅमिलीसाठी किकवालीच बरी, दुरुस्ती कमी निघते. केसरीनाथांनी पुन्हा मान हलवली आणि गरुडमधली सगळ्यात साधी गरुड घेऊन ते घरी आले.

घरी पूजा झाली, नारळ फुटला. शेजारचे बाळाराम गाडी बघायला आले. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, हँडलवर काहीतरी शोधलं आणि विचारलं की सेल्फ कुठे हाय? गाडी नुसतं बटण दाबून चालू होते त्याला सेल्फ म्हणतात आणि ईएस म्हणजेही तेच, हे केसरीनाथांना अशा रीतीने पूजेचा पेढा तोंडात असताना कळलं. पेढा गिळून त्यांनी सांगितलं की ते काम बाकी हाय, कंपनीतून पार्ट यायचाय.

पार्ट कुठून येणार? केसरीनाथ गेले अंजूरफाट्याला रेडियमवाल्याकडे. टाकीवर ‘प्लस डीलक्स’ आणि मागे ‘ईएस’ अशी अक्षरं त्यांनी कापून मागितली. रेडियमवाल्याने गाडी पाहिली, मग गिऱ्हाईक पाहिलं.

“चाचा, जो गाड़ी में है नहीं, वो लिखवा के क्या करोगे?”

“जितना बोला उतना लिखो,” केसरीनाथ म्हणाले.

पलीकडच्या स्पेअरपार्टच्या दुकानातून एक लाल बटण घेऊन तेही त्यांनी हँडलला चिकटवलं. कमळाबाईंना आणि बाळारामांना सांगितलं की पार्ट आला एकदाचा, पण बटण वापरायचं नसतं. त्याने बॅटरी बसते, जाणता माणूस किकच मारतो. कमळाबाईंनी ते मानलं. बाळारामांना इतकं पटलं की त्यांनी स्वतःच्या गाडीचं बटणही वापरणं सोडलं.

असे काही महिने सुखात गेले. मग निशाचं लग्न ठरलं. मुलगा वडप्याचा, भूपेश नावाचा, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात नोकरीला. त्याचे वडील सावळाराम म्हणजे गावातलं वजनदार माणूस. बोलणं कमी, पण एकदा बोलले की त्यावर कोणी बोलत नसे. साखरपुडा त्यांच्याच अंगणात झाला. आणि त्या अंगणात, मांडवाच्या कडेला, एक लाल गरुड प्लस डीलक्स ईएस उभी होती. खरी.

ती पाहून कोणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. केसरीनाथांनी आपली गाडी तिला खेटून उभी केली आणि जेवणाच्या पंगतीत वरपक्षाच्या मंडळींना अस्सल गरुड कशी ओळखावी यावर ऐकवायला सुरुवात केली. बाजारात हल्ली फसवणूक फार, लोक नुसती नावं चिकटवतात, आपण इंजिनाचा आवाज ऐकायचा. सावळाराम मन लावून ऐकत होते. व्याही जाणकार मिळाला, असं ते शेजाऱ्याला म्हणालेही. कमळाबाईंना त्या दिवशी नवऱ्याचा अभिमान वाटला, तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. (केसरीनाथांना पुढे हाच चेहरा आठवून सगळ्यात जास्त लाज वाटली.)

दिवेलागणीला नेमकं लोडशेडिंग सुरू झालं. भांड्यांचा टेम्पो आत घ्यायचा म्हणून गाड्या इकडेतिकडे सरकवाव्या लागल्या. त्यासाठी सगळ्यांनी किल्ल्या गाडीलाच ठेवल्या होत्या. केसरीनाथांनी अंधारात चाचपडत लाल गाडी धरली, सवयीने किक मारली, मागे कमळाबाईंना बसवलं आणि ते मानकोलीला आले. वाटेत कमळाबाई म्हणाल्या की आज सीट मऊ लागतेय. आनंदाच्या दिवशी तसं होतं, असं केसरीनाथांनी सांगितलं.

सकाळी सावळारामांचा फोन आला. आवाज गंभीर होता. काल पाहुण्यांच्या गर्दीत कोणीतरी आपली गरुड पळवली आणि जागी एक खोटी गाडी ठेवून गेला. भूपेशने बटण दाबलं तर बटणच हातात आलं. नामा मेकॅनिकने नख लावलं तर अक्षरं सोलून निघाली. चोर मोठा बेरकी दिसतोय. पोलिसांत जायच्या आधी तुम्ही एकदा येऊन बघा, तुम्हाला यातलं कळतं.

केसरीनाथ फोन ठेवून अंगणात आले. गाडीच्या नंबरकडे त्यांनी पाहिलं. मग इकडेतिकडे बघून हळूच बटण दाबलं. गाडी गुर्रकन चालू झाली. त्यांनी बंद करून पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबण्याचाही मोह त्यांना आवरला नाही.

मागे कमळाबाई उभ्या होत्या. “ही आपली न्हाय,” त्या म्हणाल्या.

खरं तर गाड्यांची अदलाबदल ही हसून सोडायची गोष्ट. पण सावळारामांची गाडी आपल्याकडे आहे असं सांगितलं, की ती खोटी गाडी आपली आहे हेही सांगणं आलं. वडप्यापर्यंतच्या रस्त्यात केसरीनाथांनी पुष्कळ विचार केला. मागे कमळाबाई होत्या आणि त्या काही विचारत नव्हत्या, त्यामुळे विचार आणखीच अवघड झाला.

वडप्याला पोचल्यावर ते मोठ्याने हसले आणि अंधारात कशी गंमत झाली ते सांगितलं. सगळे हसले. मग भूपेश जरा चाचरत म्हणाला, “पण मामा, तुमच्या गाडीला सेल्फ न्हाय. ते अक्षर पण चिकटवलेलं हाय.”

हसणं थांबलं. सगळे केसरीनाथांकडे बघू लागले, कमळाबाईसुद्धा. आणि केसरीनाथांच्या तोंडून निघून गेलं, “म्हंजे? शोरूमवालीनं फसवलं मना?”

एवढं बोलून सुटू, असं त्यांना वाटलं होतं. पण सावळाराम खाटेवरून उठले. आमच्या व्याह्याला फसवतात म्हणजे काय, असं म्हणून त्यांनी जीप काढायला सांगितली आणि भूपेशला, कमळाबाईंनाही सोबत घेतलं. केसरीनाथ मागे लागले की जाऊ द्या, झालं ते झालं, बिचारी पोटासाठी करत असेल. ते जितकं जाऊ द्या म्हणत, तितका सावळारामांना व्याह्याच्या मोठ्या मनाचा उमाळा येई आणि जीप आणखी जोरात जाई.

शोरूमचा मालक गिऱ्हाइकांच्या गर्दीत घाबरून गेला. त्याने मनालीला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर झाडायला सुरुवात केली. साधी गाडी वरची म्हणून विकतेस, दुकानाचं नाव घालवतेस, उद्यापासून येऊ नकोस. ती ओढणीचं टोक मुठीत धरून उभी होती. तो थांबल्यावर तिने एवढंच सांगितलं, “सर, मी काकांना विचारलं होतं, सेल्फ पाहिजे का म्हणून.”

“मग काय म्हणाले ते?”

“म्हणाले, न्हाय, फॅमिलीसाठी पाहिजे.”

याचा अर्थ कोणालाच लागेना. मालक तिच्याकडे, ती केसरीनाथांकडे. त्या नजरेत राग नव्हता. हे असं का सांगतायत, एवढंच तिला कळत नव्हतं. केसरीनाथांना अजूनही नाही म्हणता आलं असतं. त्यांच्या शब्दापुढे त्या पोरीचा शब्द तिथे कोणी धरला नसता, आणि हेच त्यांना सोसेना.

“तिचं खरं हाय,” ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मालकाने पुन्हा सांगायला लावलं. “तिचं खरं हाय. सेल्फ म्हंजे काय ते मना ठाव नव्हतं. मना वाटलं, ती विचारते सोतासाठी घेता का. ते रेडियम मीच लावलं. बटण बी मीच चिकटवलं.”

एक गिऱ्हाईक सेल्फ असलेल्या गाडीवरून निमूटपणे उतरलं. भूपेशला एकाएकी बाहेर काम आठवलं. काचेपलीकडे पाठमोरा उभा असताना त्याचे खांदे हलताना दिसत होते. मालकाने मनालीला काम बघ म्हणून सांगितलं. केसरीनाथ कोणाकडेही न बघता जीपमध्ये जाऊन बसले.

परतताना सावळाराम रस्त्याकडे बघत होते. भिवंडी मागे पडली. लग्न मोडलं, हे केसरीनाथांनी धरूनच ठेवलं. निशाला काय सांगायचं? बापाने अक्षरं चिकटवली म्हणून? शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, “दादा, मंग सोयरिकीचं काय?”

“सोयरीक पोरीशी केलीय, गाडीशी न्हाय,” सावळाराम म्हणाले. मग त्यांनी जीप कडेला घेतली. “पण भाऊ, तुमी आमाला सगळं सांगितलं. त्या पोरीला काय सांगितलंत? तिला सगळ्यांसमोर बोल लागला नि तुमी उठून गाडीत बसलात.”

सावळारामांनी जीप परत फिरवली.

दुसऱ्यांदा त्या काचेच्या दारातून आत जाणं पहिल्यापेक्षा कितीतरी कठीण होतं. केसरीनाथ मनालीसमोर उभे राहिले, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की पोरी, माझ्या खोट्यापायी तुला ऐकून घ्यावं लागलं, माफ कर. तिच्या डोळ्यांत मघापासून अडवून धरलेलं पाणी आत्ता आलं. ते पुसून ती म्हणाली, “काका, नाही समजलं तर परत विचारायचं ना. मला स्वतःला सगळ्या गरुड पाठ व्हायला पूर्ण पावसाळा लागला.”

घरी आल्यावर कमळाबाईंनी चहा ठेवला. केसरीनाथ चार शब्द ऐकून घ्यायच्या तयारीने पाटावर बसले होते. कप पुढे सरकवत त्या म्हणाल्या, “मना काय फरक पडणार होता? मी तर मागंच बसनार होते.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं केसरीनाथांना वाटलं.

लग्न मात्र झोकात झालं. वरात वडप्याला पोचली आणि केसरीनाथ चकितच झाले. गावातली माणसं, बायका, पोरंसोरं नवरानवरीला ओलांडून त्यांनाच भेटायला येत होती. कोणी हात हातात घेई, कोणी नुसतं लांबून निरखून बघे. व्याह्याने गावात आपलं नाव चांगलं सांगितलेलं दिसतंय, असं वाटून त्यांनी फेटा सारखा केला आणि बऱ्याच महिन्यांनी छाती थोडी पुढे काढली.

एवढ्यात गर्दी बाजूला सारत भूपेशची म्हातारी आत्या, जानकीबाई, काठी टेकत आल्या. त्यांना कमी दिसायचं, म्हणून त्यांनी केसरीनाथांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला, गालावर नखाने जरासं खरवडूनही पाहिलं. मग मागे उभ्या असलेल्या सुनेला त्यांनी सांगितलं,

“वरिजनल दिसतंय गो.”