अजबखान्याच्या दारापर्यंत

आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट सांगतो. मी धोंडूला घाबरतो.

वाडीतले लोक हसतील. धोंडू म्हणजे जेमतेम पाच फुटांचा, कोंबडी अंगावर आली तरी पायरीवर चढणारा माणूस. त्याला खूळ एकच. वाडीत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो सायगाव दाखवतो.

सायगाव म्हणजे राजापूरच्या वाटेवरचं गाव नव्हे. सिंगापूरच्याही पलीकडे, फ्रेंचांच्या मुलखातलं बंदर. आम्ही एकाच बोटीवर होतो. तो खलाशी, मी त्याच्यावरचा टिंडल, म्हणजे खलाशांचा मुकादम.

पाहुण्याने गूळपाणी घेतलं की धोंडू हजर. "चला, सायगाव बगून घ्या. उद्या तिकडं गेलात तर चुकाल!"

खाडीवरचे दोन जोडमाड म्हणजे गोऱ्यांचं देऊळ. "दोन शिखरं, लाल विटांची. मान वर करा. आनखी वर!" पाहुण्याची टोपी पडली की त्याला समाधान. समोरचं वाण्याचं दुकान म्हणजे पोस्ट. "आपली अख्खी वाडी आत निजंल, येवढं!" वाणी ओरडायचा, "धोंड्या, कार्ड घेतोस तर घे, नायतर माजं गिऱ्हाईक सोड!" काजूची बाग म्हणजे सरकारी बाग. तिथे वाघ. "पिंजऱ्यात हाय, पन हळू चला," म्हणत तो स्वतःच पाहुण्याच्या पाठीमागे लपायचा.

आणि शेवटी माझ्या आवाराचं बेडं, म्हणजे फाटक.

"हा अजबखाना," बेड्याच्या बांबूवर हात ठेवून तो म्हणायचा. "आत आपला म्हादेव हाय. तहानेला. म्होरं जायचं नाय." मग तो मागे वळायचा, आणि तोवर अडकलेला माझा श्वास सुटायचा.

कारण आत काय झालं ते आम्हा दोघांनाच ठाऊक.

सायगावच्या खऱ्या अजबखान्यात, म्हणजे म्युझियममध्ये, जुन्या दगडी मूर्तींत एक पिंड होती. कोरडी ठणठणीत. धोंडूचं लहानपण वेळणेश्वराच्या देवळापाशी गेलेलं. बिनपाण्याचा महादेव त्याने जन्मात पाहिला नव्हता. "आरे, ह्याला कोन पानी घालीत नाय?" म्हणत त्याने पिण्याची बाटली पिंडीवर रिकामी केली. शिट्ट्या वाजल्या, माणसं धावली. पहारेकरी आपल्याकडचाच, मद्रासकडचा. त्याने धोंडूची मानगूट धरून मला विचारलं, "ये तुम्हारा आदमी है?"

बोटीवरची नोकरी डोळ्यांपुढे आली. मी म्हणालो, "नहीं."

सकाळी बोट त्याच्याशिवाय सुटली. वाडीत मी सांगितलं, धोंडू गर्दीत चुकला. दोन वर्षांनी तो परतला, केस पांढरे करून. बोलला काहीच नाही. नुसता सायगाव दाखवू लागला.

गेल्या चैत्रात सावर्ड्याची मंडळी माझ्या मुलीला बघायला आली. मी पंचांतला, मानाचा माणूस. बोलणी अर्ध्यावर होती, तेवढ्यात पाय मोकळे करायला निघालेल्या मुलाच्या वडिलांना धोंडूने गाठलं. देऊळ झालं, पोस्ट झालं. मी बेड्याच्या आत उभा.

"म्हादेव आत, आनि दर्शन नको?" म्हाताऱ्याने बेड्याला हात घातला. "तुमी गेलेलात ना आत?"

"गेलेलो."

"कोनासंगं?"

धोंडूने माझ्याकडे पाहिलं. संपलं सगळं, मला वाटलं.

"ह्यांच्यासंगं. टिंडलान सगळं सायगाव दाखवलंन मला. लई जपलंन."

लग्न ठरलं. तिन्हीसांजेला मी त्याच्या खोपटावर गेलो. तो काजू भाजत होता.

"का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं?" तो बोटं फुंकत म्हणाला. "कोठडीत दिवस सरायचा नाय रे. मंग रोज मनातल्या मनात हीच वाट चालायचो. देऊळ, पोस्ट, वाघ. तू संगं असायचास. बडबडायचास लई. अजबखान्याच्या दारात थांबायचो."

"का?"

"आत गेलो की तू नसायचास."

मग त्याने दोन गरम बिया माझ्या हातावर ठेवल्या आणि आशेने विचारलं, "उद्या कोन पाव्हना येतोय काय रे?"

हे लिहून काढलं, तरी तोंडाने म्हणायचं बाकीच आहे. सावर्ड्याच्या म्हाताऱ्यासमोर, वाडीसमोर, बेडं उघडून, "हा माझा माणूस आहे." एवढं मी धोंडूचं देणं लागतो.