आधी पानी बघू

माजिवड्याला आमच्या सोसायटीत राहायला आलो तेव्हा आम्ही वास्तुशांत केली होती. समोरच्या फ्लॅटमधले हिराजीशेठ पांढऱ्याशुभ्र सफारीत तीर्थप्रसादाला आले. मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी वरच्या खिशातून पेनासारखं काहीतरी काढलं, टोपण उघडलं, पेल्यात बुडवलं, आकडा वाचला आणि मग म्हणाले, "चालंल. नाव काय तुजा, ताय?"

पाणी पास झाल्याशिवाय शेठ माणसाची ओळख करून घेत नाहीत, हे मला पुढे कळलं. पाण्यात किती क्षार विरघळलेत ते सांगणारा तो मीटर. नातवाला ताप येवो, लिफ्ट अडकू दे, माझा मुलगा गणितात नापास होऊ दे, शेठचा पहिला उपाय ठरलेला: "आधी पानी बघू." हे वाक्य मूळचं त्यांच्या वडिलांचं. खाडीला लागून त्यांची मिठागरं होती. वडील रोज सकाळी मिठाच्या वाफ्याशी उकिडवे बसायचे आणि हेच म्हणायचे. आता मिठागरं गेली, टॉवर आले, आणि खालचे बरेचसे दुकानगाळे शेठच्या नावावर आहेत.

त्यातल्याच एका गाळ्यात कॅफे होता. तो बंद झाला तेव्हा तिथलं कॉफीचं मशीन शेठनी विकत घेतलं आणि चक्क घरात आणलं. दोन तोंडांचं, चार माणसांनी उचलायचं, थेट नळाच्या लाइनला जोडलेलं. त्याने अर्धा ओटा व्यापला आणि शेठच्या बायकोचा, म्हणजे काकींचा, मिक्सर बाल्कनीत गेला. गंमत म्हणजे शेठ कॉफी पीतच नाहीत. पितात पातीचा चहा, तोही बशीतून. "मंग मशीन कशाला?" असं काकी रोज विचारतात. "बॉयलर कवरा मोठा हाय बग," असं शेठ रोज उत्तर देतात.

रविवारची सकाळ मशीनची. शेठ लेंगा-बनियनवर फरशीवर बैठक मारतात, जाळ्या काढून गरम पाण्यात टाकतात, रबराच्या रिंगा नखाने तपासतात आणि कुठे पांढरा थर दिसला की त्यांचा चेहरा उतरतो. बॅटरी धरायचं काम माझं. "ताय, जरा उजव्या अंगाला उजेर." मशीन बंद ठेवलं की रबरं सुकतात, म्हणून रोज कॉफी निघालीच पाहिजे, आणि निघाली की कोणीतरी प्यायलाच पाहिजे. वॉचमन पितो, इस्त्रीवाला पितो, मी पिते. आमच्या मजल्यावर दुपारी कोणाला झोप लागत नाही.

पण त्या मीटरने एकदा घात केला. शेठचे धाकटे भाऊ बाळाराम शेजारच्या विंगमध्ये राहतात. दोघांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर आहेत. बाळारामांच्या मुलीच्या हळदीला सगळा गाव लोटला होता, बँजो जोरात होता, आणि शेठनी सवयीप्रमाणे पाण्याच्या जारमध्ये मीटर बुडवला. मग वरपक्षाच्या देखत मोठ्याने जाहीर केलं, "बाला, यो पानी पिवाचा नाय. मोरीत वत." मनात वाईट काही नव्हतं. पण बाळारामांची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी समोरच्या खिडकीला पडदा लागला आणि दोघा भावांचं बोलणं बंद झालं.

शेठनी मात्र पाणी आणखी शुद्ध करायला घेतलं. मशीनच्या लाइनला एक फिल्टर होता, त्याच्यामागे दुसरा बसवला, मग तिसरा. मीटरचा आकडा उतरत उतरत शून्याला टेकला. त्या हळदीत आपलंच खरं होतं, हे ते स्वतःला पटवून देत असावेत. पण बॅटरी धरल्याधरल्या मी पाहायचे, त्यांचा हात पान्यावर असायचा आणि नजर त्या पडद्यावर.

आणि एका सकाळी काकींची हाक आली. मशीन पाणी ओढत होतं ते थांबायलाच तयार नव्हतं. बॉयलर भरून गेला, वाफेच्या नळीतून पाणी वाहायला लागलं, ओट्यावरून फरशीवर, फरशीवरून पॅसेजमध्ये. भिजलेल्या लेंग्यात शेठ म्हणाले, "आधी पानी बघू."

"बगा की," काकी म्हणाल्या, "पायाखालीच हाय."

दुपारी मुलुंडहून दुरुस्तीवाला आला. मशीन उघडून बघितलं तर काही बिघडलेलंच नव्हतं. मग त्याने पाण्याची चौकशी केली. शेठनी अभिमानाने मीटर दाखवला. तो हसला.

"काका, बॉयलरमध्ये एक सळई असते. पाणी तिला टेकलं की मशीनला कळतं, भरलं. पण ते कळतं पाण्यातल्या क्षारामुळे. तुम्ही क्षारच ठेवला नाही. पाणी आहे, पण मशीनला ते दिसत नाहीये, म्हणून ते मागतच राहतं. थोडं नळाचं मिसळू द्या." फिल्टरवरचा स्क्रू कसा फिरवायचा आणि मीटरवर कोणता आकडा आला की थांबायचं, ते सांगून तो गेला.

शेठ ओल्या फरशीवर बसले. पिढ्यान्‌पिढ्या मीठ काढलेल्या घरातला माणूस मिठावाचून अडला होता. मग शेठनी स्क्रू जरासा फिरवला, स्टीलचा पेला भरला आणि माझ्या हातात दिला.

"बालाला दे. चव बगाय सांग. मिठाच्या वाफ्याचा पानी बा त्यालाच चाखाय द्यायचा."

"काका, मीटर आहे की खिशात. आकडाही आत्ताच सांगितलाय त्याने."

"मीटरला काय कलतं," शेठ म्हणाले. "आन माजा नाव घेव नको."

मी गेले. बाळारामांनी काही न विचारता घोट घेतला, तोंडात फिरवला आणि बेसिनमध्ये टाकला. "पानी मेलेला हाय. त्याला सांग, जरा नलाचा सोर."

"कोणाला?"

"ज्यानी पाठवला त्याला."

मी परत आले. स्क्रू फिरला, दुसरा पेला गेला. "अजून." मग तिसरा. एका लिफ्टने खाली, दुसरीने वर. वॉचमन विचारायला लागला, कोणाकडे पाणी नाही का आलं. शेवटी मी वैतागले. "बाळारामकाका, मला गुडघे आहेत. मी पाइपलाइन नाही."

बाळारामांनी पेला खाली ठेवला आणि बनियनवर शर्ट चढवला. "लिफ्टमदे हिंदकलून पान्याची चव जाते," ते म्हणाले. "तितं जावनच बगाय लागंल."

आम्ही शिरलो तेव्हा शेठ फिल्टरच्या स्क्रूसाठी सिंकखाली कमरेपर्यंत आत होते. त्यांना फक्त भावाचे पाय दिसले असणार. काही वेळाने तिथून एक हात बाहेर आला. हातात मीटर होता. "ताय, लपव यो," आतून पुटपुटणं ऐकू आलं. मी तो मुठीत धरला.

"नको उठू, दादूस," बाळाराम म्हणाले. "आधी पानी बघू."

आतून पेला आला. बाळारामांनी चाखला. "अजून जरा." पुन्हा पेला. "अजून... बस." काकींनी मशीनचं बटण दाबलं. पाणी ओढल्याची घरघर सुरू झाली. मग खट्ट आवाज झाला आणि मशीन आपलं आपण थांबलं.

शेठ बाहेर आले. डोळे पाणावले होते. "हलदीला माजा चुकला, बाला."

"म्हाइत हाय," बाळाराम म्हणाले. "कॉफीत साखर जास्त टाक."

त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या मशीनबद्दल माया वाटली. दुसऱ्या दिवशी मीटर परत द्यायला गेले तर शेठ म्हणाले, "ऱ्हाव दे तुज्याकडंच." समोरच्या खिडकीचा पडदाही निघालाय. बाळाराम रोज सकाळी येतात, एक घोट पाणी चाखतात, "बस" म्हणतात आणि बसतात. एक भाऊ कपातून कॉफी पितो, दुसरा बशीतून चहा. त्या स्क्रूला तेव्हापासून कोणी हात लावलेला नाही. पाणी रोज तेच असतं, तरी ते चाखायला बाळारामांना रोज यावं लागतं.