टेंडरसाहेबांचं पॉवर स्टेशन

गुरुवारी दिवसभर वीज नसणार, असा मेसेज कॉलनीच्या ग्रुपवर आला, तेव्हा वहिनींचा चेहरा उतरला आणि टेंडरसाहेबांचा उजळला. तारा बदलायचं काम होतं. सकाळी नऊला वीज जाणार ती थेट संध्याकाळी येणार. आणि नेमकी गुरुवारीच सकाळी अकरा वाजता वहिनींची मुलाखत होती, घरबसल्या, लॅपटॉपवर.

एका इस्पितळाच्या ऑफिसातली नोकरी होती. लग्नाआधी वहिनी नोकरी करायच्या. मग मुलगी झाली, सासूबाईंचे गुडघे गेले, मुलगी शिकून परगावी गेली आणि वहिनींना वाटलं, आता आपली पाळी. गेलं वर्षभर त्या अर्ज पाठवत होत्या आणि प्रत्येक ठिकाणाहून एकच प्रश्न येत होता, मधली वीस वर्षं तुम्ही काय करत होता? जणू बाई तेवढी वर्षं डोक्यावर पांघरूण घेऊन झोपल्या होत्या. मुलाखत घ्यायला तयार झालेलं हे पहिलंच ऑफिस. ही संधी गेली तर पुन्हा अर्ज करायचा नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

"अहो, लॅपटॉप मी रात्रीच चार्ज करून ठेवते," वहिनी म्हणाल्या. "फक्त बेडरूममधला राउटर तेवढा तास-दोन तास चालू राहायला हवा. मोबाइलचं नेट आपल्या घरात कसं येतं ते तुम्हाला माहितीये, गॅलरीत एका पायावर उभं राहावं लागतं. एखादी छोटी बॅटरी आणा ना."

"अगं, अशी करतात होय खरेदी?" टेंडरसाहेब सरसावून बसले. "आधी गरज ठरवायची."

"ठरली की. राउटर."

"ती तुझी झाली. घराची काय?"

वहिनींनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि "बरं" म्हणून त्या आत गेल्या. त्यांच्या ह्या 'बरं'चा अर्थ साहेबांना लग्नाला इतकी वर्षं झाली तरी लागला नव्हता. थोड्या वेळानं त्या सासूबाईंच्या गुडघ्याचं मलम आणायला म्हणून बाहेर पडल्या.

टेंडरसाहेब हे नाव त्यांना कॉलनीनं दिलेलं. एका कारखान्याच्या खरेदी विभागात त्यांचं आयुष्य गेलं. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, म्हणजे कागदोपत्री झाले. केस कापायचे असले तरी तीन दुकानांत भाव विचारून मग नेहमीच्याच दुकानात जाणारा माणूस. पण खरं ते सांगायला हवं, उभ्या नोकरीत त्यांच्याकडे कुणाला बोट दाखवता आलं नाही. 'घरच्या माणसाला झुकतं माप नाही' हे त्यांचं ब्रीद. एकदा कारखान्यात नव्या खुर्च्या आल्या. साहेबांनी त्या आधी बाकीच्या सगळ्या खात्यांना वाटल्या आणि उरतील त्या आपल्या खात्याला घेतल्या. एक कमी पडली. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत साहेब स्टुलावर बसले. पाठ कायमची धरली, पण अभिमान गेला नाही.

अशा माणसाला दोन वर्षं घरात काय खरेदी करायला मिळालं होतं? भाजी. तीही वहिनी सांगतील ती. त्यामुळे ही बॅटरी म्हणजे त्यांना पर्वणीच वाटली.

त्यांनी पहिली मागणी आईकडून घेतली.

"आई, गुरुवारी तुला काय काय लागेल?"

"पंखा," म्हातारी म्हणाली. "आणि गुडघ्याला शेकायचा पट्टा. आणि टीव्ही. आणि हो, मिक्सर. मला दात नाहीत, सगळं वाटून लागतं."

साहेबांनी त्यात इस्त्री घातली, फ्रिज घातला, हॉलमधले दिवे घातले. राउटर शेवटी घातला, कारण तो किरकोळ होता. पुढचे चार दिवस ते जेवताना, झोपताना बॅटऱ्यांबद्दलच बोलत होते. कुणाची किती वर्षं टिकते, कुणाला किती प्लग आहेत, कुणाची गॅरंटी खरी आणि कुणाची नुसती तोंडाची. आईला समोर बसवून त्यांनी समजावलं, "हे बघ, वॅट म्हणजे एका वेळी किती जोर लागतो ते. आणि वॅट-अवर म्हणजे तो जोर किती वेळ पुरतो ते. लोक ह्या दोन्हींत गोंधळ करतात आणि फसतात."

"म्हणजे माझा पंखा फिरणार की नाही?"

"फिरणार."

"मग एवढं घसा कोरडा करून कशाला सांगतोस?"

दुकानदारानं बिचाऱ्यानं प्रामाणिकपणे विचारलं, "साहेब, नेमकं काय चालवायचंय?"

"सगळं."

"सगळं एकदम? रोज? की कधीतरी?"

"तुम्ही मोठ्यात मोठी दाखवा."

मोठ्यात मोठी म्हणजे पोर्टेबल पॉवर स्टेशन. पोर्टेबल अशासाठी की तिला हँडल होतं. ते धरून ती उचलायला मात्र दुकानातली दोन माणसं लागली आणि जिना चढवताना तिसऱ्यानं मागून ढकललं. बुधवारी रात्री साहेबांनी ती पूर्ण चार्ज केली. छोट्या पडद्यावर शंभरचा आकडा आला तेव्हा ते लहान मुलासारखे हसले. "तुझी मुलाखत ही माझी जबाबदारी," त्यांनी वहिनींना सांगितलं. "तू निर्धास्त राहा."

वहिनी आरशासमोर उभ्या राहून "मधल्या काळात मी घर सांभाळलं" हे वाक्य हसून कसं म्हणायचं त्याचा सराव करत होत्या. "बरं," त्या म्हणाल्या.

गुरुवारी नऊच्या ठोक्याला वीज गेली. साहेबांनी बटण दाबलं, आईचा पंखा फिरू लागला. इथवर सगळं झकास होतं. साहेबांनी तेवढ्यावर थांबायचं की नाही? पण त्यांनी पेटीचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्याकडे वीज आहे.'

पाच मिनिटांत दारात समोरचे काका उभे. त्यांच्या हातात माशांची काचेची टाकी. "साहेब, हवेचा पंप बंद पडलाय हो. माझे मासे वर येऊन तोंडं उघडतायत. तेवढं कनेक्शन द्या."

मुक्या जिवांना नाही कोण म्हणणार? टाकी टीपॉयवर आली. मग वरच्या मजल्यावरचे लोक मोबाइल घेऊन आले, मोबाइलच्या मागोमाग लॅपटॉप आले, आणि लॅपटॉपवाल्यांना बसायला खुर्च्या लागल्या. तेवढ्यात तळमजल्यावरची पार्लरवाली धापा टाकत जिना चढून आली. तिच्यामागे टॉवेल गुंडाळलेल्या दोन बायका, एकीच्या अर्ध्या डोक्याचे केस वाळलेले आणि अर्ध्यांतून पाणी ठिबकतंय.

"टेंडरसाहेब, वाचवा! ह्यांना साडेअकराला साखरपुड्याला जायचंय. ड्रायर बंद पडला हो मधेच."

"ड्रायर?" साहेब जरा चपापले. ड्रायर किती खातो ते त्यांना पाठ होतं.

"तुमच्याएवढी मोठी बॅटरी दुसऱ्या कुणाकडे आहे का सांगा!"

झालं. साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "रांगेत या," ते म्हणाले. "सगळ्यांना मिळेल. इथे पद्धतीनं काम होतं."

आणि खरंच पद्धतीनं झालं. साहेब पेटीशेजारी स्टूल टाकून बसले. ज्याचा नंबर त्याला प्लग. ड्रायर घोंघावू लागला, पडद्यावरचा आकडा भराभर उतरू लागला. आईनं आतून मिक्सर लावला. कुणीतरी आणलीच आहे तर म्हणून इस्त्री लावली. बेडरूमकडे नेलेली वायर कोपऱ्यात तशीच पडून होती.

वहिनी नेसून-सवरून पाणी प्यायला बाहेर आल्या. हॉल भरलेला, टीव्ही चालू, मासे पोहतायत, साखरपुड्याची बाई डोकं झटकतेय.

"अहो, आकडा बघितलात का?" त्या हळूच म्हणाल्या.

"बघितला. पण तू घरची आहेस," साहेब तितक्याच हळू म्हणाले. "ही पाहुणे मंडळी मागे ठेवून तुला आधी कसं देऊ? लोक काय म्हणतील? तुझा नंबर आहे, शेवटचा. दहा मिनिटं धर."

वहिनी "बरं"सुद्धा म्हणाल्या नाहीत. आत गेल्या आणि आतून कडी लावली.

अकराला थोडा वेळ असताना पार्लरवालीनं दुसरं डोकं घेतलं. पेटीनं एक लांबलचक शिट्टी मारली आणि ती बंद पडली. पंखा थांबला, ड्रायर थांबला, काकांच्या टाकीतले बुडबुडे थांबले. साहेबांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, पेटीला दोन थापट्या मारल्या. पडद्यावर अंधार होता. तेव्हा कुठे त्यांची नजर कोपऱ्यातल्या वायरीकडे गेली आणि तोंडचं पाणी पळालं.

हॉल बघता बघता रिकामा झाला. लोक मोबाइल उचलून सटकले, काका टाकी पोटाशी धरून खाली नळावर पळाले. "एवढी मोठी आणली आणि एवढ्यात संपली?" पार्लरवाली जाता जाता म्हणालीच.

साहेब बेडरूमच्या दाराशी गेले. आतून वहिनींचा आवाज येत होता, शांत, एका लयीत. मधे थांबत होत्या, पुन्हा बोलत होत्या.

"कुणाशी बोलतेय ती?" आईनं विचारलं.

"कुणाशी बोलणार? नेट कुठाय? एकटीच बोलतेय." "सराव केलेली वाक्यं म्हणतेय गं."

आतून वहिनी हसल्या.

"हसतेय!" आईनं कपाळाला हात लावला. "अरे, धक्का बसलाय पोरीला. वर्षभर वाट बघत होती. माझ्या मिक्सरपायी घात झाला. तू काहीतरी बोल तिच्याशी, आत्ता!"

साहेबांना खरोखर रडू आलं. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाची माफी मागितली नव्हती, कारण त्यांची चूक कधी झालीच नव्हती. त्यांनी दारावर दोन्ही तळवे टेकले आणि हॉलभर घुमेल अशा आवाजात सांगून टाकलं.

"अगं, ऐक! तू वेडीबिडी होऊ नकोस! सगळी चूक माझी! एक राउटर चालवायचा होता, मी गावभराचं आणून ठेवलं! सगळ्यांना दिलं आणि तुलाच विसरलो! मी गाढव आहे! नालायक आहे! ऐकतेयस ना?"

आतून एक अनोळखी पुरुषी आवाज म्हणाला, "मॅडम, हे कोण?"

"माझे मिस्टर," वहिनी म्हणाल्या. "खरेदी विभागात होते."

आत दोन-तीन माणसं पोट धरधरून हसली.

अर्ध्या तासानं कडी निघाली. कपाटावर राउटरचे हिरवे दिवे लुकलुकत होते. त्याला साबणाच्या वडीएवढी एक डबी जोडलेली होती.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"बॅटरी. राउटरपुरती. मलम आणायला गेले होते ना, त्याच दिवशी घेतली."

"त्याच दिवशी? मग मला आणू का दिलंस एवढं धूड?"

वहिनींनी लॅपटॉप मिटला. "दोन वर्षांत तुम्ही इतके खुशीत कधी दिसला नव्हता," त्या म्हणाल्या. "मला सांगवेना. पण नंबर शेवटचा म्हणालात ना, ते मात्र लागलं हं मला."

साहेबांनी स्वयंपाकघरात जाऊन, कुणाचाही नंबर न लावता, वहिनींना पाणी आणून दिलं.

सोमवारी इस्पितळातून फोन आला. वहिनींना नोकरी लागली.

"वीस वर्षांचं विचारलं का?" आईनं अधीर होऊन विचारलं.

"विचारणारच होते, तेवढ्यात ह्यांनी दाराशी बोंब ठोकली. मग म्हणाले, समजलं मॅडम."

साहेब खुर्चीतून उठले. "अगं, पण खातं कुठलं मिळालं?"

"खरेदी. जाहिरातच त्याची होती. तुम्ही कधी विचारलंच नाहीत. त्यांनी विचारलं, एखादी वस्तू घेताना आधी काय बघाल? मी म्हटलं, ती कुणाला हवीय आणि कशाला हवीय. आमच्या घरी ते शेवटी बघतात."

पॉवर स्टेशन तेव्हापासून हॉलच्या कोपऱ्यात आहे. आईनं त्यावर उशी टाकलीय आणि ती तिथे बसून टीव्ही बघते. उंची गुडघ्यांना बरी पडते म्हणे.

महिन्याभरानं वहिनी कामावरून आल्या आणि चहा घेता घेता म्हणाल्या, "आमच्याकडे तपासणी शिबिरासाठी मोठी बॅटरी घ्यायचीय. उचलून नेता येईल अशी."

साहेबांचे डोळे चमकले. त्यांनी आईला हात धरून उठवलं, उशी बाजूला केली आणि पेटीवरची धूळ बाहीनं पुसली. "अगं, मग ही आहे की! जवळजवळ नवी! एकदाच वापरलीय. तू नुसतं वर एक शब्द टाक."

वहिनींनी कप खाली ठेवला.

"रांगेत या," त्या म्हणाल्या. "घरच्या माणसाला झुकतं माप नाही."