वामन कस्तुराची भीती गेली त्याची गोष्ट

एका जंगलात, बाळांनो, दर वसंतात गाण्याचा उत्सव भरत असे. त्या जंगलात वाघही होता, पण तो आपल्या गोष्टीत येणार नाही. त्याला आमंत्रण दिलं की श्रोते येत नसत. म्हणून उत्सव समितीनं त्याला लांबूनच शुभेच्छा द्यायची विनंती केली होती.

उत्सव ओढ्याकाठी व्हायचा. ओढ्याच्या मधोमध एक उंच कातळ होता. गाणाऱ्यानं त्यावर उभं राहून गायचं आणि बाकीच्यांनी काठावर बसून ऐकायचं. ऐकायचं म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी शिकवलं नसेल. चुळबूळ न करता बसायचं आणि मध्येच आईला "संपलं का गं?" असं विचारायचं नाही.

या जंगलात कस्तुरबुवा नावाचे एक म्हातारे गवई राहत. जातीनं शीळकरी कस्तुर पक्षी. दिसायला काळेनिळे आणि किरकोळ. पण त्यांनी शीळ घातली की भांडणारी माकडंसुद्धा भांडण अर्ध्यावर ठेवून ऐकत. शीळ संपली की तिथूनच पुढे भांडत.

बुवांच्या घराण्यात पहाटेची एक शीळ होती. ती वर वर चढत जायची आणि अगदी टोकाला पोचली की थांबायची. तिथं ऐकणाऱ्यांचा श्वास आपोआप अडकायचा. मग गाणाऱ्यानं कान देऊन वाट बघायची. समोरच्यांचा श्वास सुटायला लागला की त्याच क्षणी त्याच्याबरोबर हळूच खाली उतरायचं. या उतरण्याला घराण्यात 'जागा' म्हणत.

"चढतं कुणीही," बुवा म्हणत. "माकडंही चढतात. जागा यायला हवी."

घराण्याचा एक नियम होता. शिष्यानं ही शीळ कातळावरून, सगळ्या जंगलासमोर म्हटली, तरच ती त्याला मिळाली असं मानायचं. पानाआड म्हटलेली चालत नसे. बुवांना शिष्य एकच, वामन. आणि बुवांचा घसा आता बसत चालला होता. वामननं शीळ घेतली नाही, तर ती बुवांबरोबरच जाणार होती.

वामनचा गळा चांगला होता. नेच्यांच्या झुडपाआड एकटा बसून तो अशी शीळ घालायचा, की बुवा डोळे मिटून मान हलवायचे. अडचण एकच होती. वामनला समोर कुणी बसलेलं चालत नसे.

आदल्या वर्षी तो कातळावर चढला होता. त्यानं समोर पाहिलं. काठभर डोळे. बारीक डोळे, मोठे डोळे, हरणांचे ते ओलसर डोळे. त्यानं चोच उघडली आणि आतून उचकी आली. एकच, पण खणखणीत, आणि सुरात.

माकडांनी ती जागच्या जागी पाठ केली. पाऊस सुरू होईपर्यंत जंगलात कुणी कुणाला भेटलं की आधी उचकी द्यायचं, मग खुशाली विचारायचं.

वामन बुवांपुढे जाऊन रडला.

"भीती वाटते?" बुवांनी विचारलं.

"फार वाटते, बुवा."

"वाटू दे. मला अजून वाटते. कातळावर पाय ठेवला की पंख थरथरतात माझे."

"मग तुम्ही गाता कसे?"

"थरथरत गातो. अरे, भीतीमुळंच तर कान उघडे राहतात. समोरच्यानं कूस बदलली तरी ऐकू येतं. तीच घालवलीस, तर जागा कशावर उतरवशील?"

वामनला हे पटलं नाही. घरच्यांनी दिलेला सल्ला कुणालाच पटत नाही. तुम्हाला तरी कुठं पटतो?

मग तो जंगलभर विचारत फिरला. अस्वलानं मध चाटायला सांगितला. खारीनं नजर लागली म्हणून त्याच्यावरून पालापाचोळा ओवाळून टाकला. ससा म्हणाला, "बाबा रे, मला विचारू नकोस. पान पडलं तरी पळतो मी." इतका प्रामाणिक सल्ला वामनला पुन्हा मिळाला नाही.

अशात जंगलात गेंडेसर आले. ते फार लांबच्या गवताळ मुलखातून आले होते, आणि लांबून आलेल्याला त्या जंगलात सर म्हणत. ते 'निर्भय मंच' नावाचं शिबिर घेत. त्यांनी आजवर मोठमोठ्या कळपांपुढे भाषणं केली होती आणि ते एकदाही घाबरले नव्हते. त्यांची सगळी विद्या या एका गोष्टीवर उभी होती. ते का घाबरले नव्हते, हे कुणी विचारलं नाही. तुम्हीही आत्ता विचारू नका.

"वामनराव," गेंडेसर म्हणाले, "समोर कोण असतं?"

"श्रोते, सर."

"चूक! समोर दगड असतात. म्हणा."

"समोर दगड असतात."

"दगड हसतो?"

"नाही, सर."

"दगड नावं ठेवतो?"

"नाही, सर."

"मग दगडाला भ्यायचं?"

"नाही, सर. पण आमच्या शीळेत एक जागा आहे. तिथं समोरच्यांचा श्वास ऐकावा लागतो."

गेंडेसरांनी शिंग वर केलं.

"त्या जागेचं नंतर बघू," ते म्हणाले. "आधी छाती पुढे काढा."

वामननं छाती पुढे काढली. त्या दिवसापासून तो नदीच्या कोरड्या पात्रात जाऊन बसू लागला. तिथं गोटेच गोटे होते. गोट्यांपुढे तो मनसोक्त गायचा. गोटे हसले नाहीत. जांभई दिली नाही. उचकी दिली नाही. हळूहळू वामनला त्यांचा लळा लागला.

बुवांकडे जाणं कमी झालं. बुवा ऐकताना डोळे मिटायचे आणि चुकलं की एक डोळा उघडायचे. गोट्यांकडून असला त्रास नव्हता.

पुढे पुढे तर वामनला गंमतच वाटू लागली. समोर ससा आला तरी मनात 'दगड' म्हणायचं, की ससा दगड. खार दगड. अस्वल मोठा दगड. म्हणता म्हणता सवय झाली, आणि मग म्हणावंही लागेना.

वसंत आला. उत्सव पहाटे सुरू व्हायचा होता आणि वामनची शीळ पहिली होती. बुवांना बरं नव्हतं, तरी ते काळोख असतानाच येऊन पहिल्या रांगेत बसले होते.

साळुंकीबाई निवेदनाला होत्या. त्यांनी पहाट म्हणजे काय ते सांगितलं. शीळ म्हणजे काय ते सांगितलं. मग काजव्याच्या हस्ते दीपप्रज्वलन झालं. काजव्याचा सत्कार झाला. ज्यांनी काजवा आणला त्यांचा सत्कार झाला. अध्यक्ष गवा होते. त्यांनी "मला गाण्यातलं काही कळत नाही" असं म्हणून गाण्यावर भाषण सुरू केलं, आणि ते संपलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मग वामनला पहाटेची शीळ म्हणायला बोलावलं.

वामन कातळावर चढला. छाती पुढे. समोर पाहिलं. काठभर दगड.

त्यानं शीळ सुरू केली. आवाज मोकळा, स्वच्छ. काठावर हरणांचे कान ताठ झाले. माकडांनी शेपट्या आवरल्या. उन्हाचा विसर पडला सगळ्यांना. शीळ वर वर चढत गेली आणि अगदी टोकाला पोचली. सगळ्या जंगलाचा श्वास अडकला. बुवांनी डोळे मिटले.

आता थांबायचं होतं. पण दगडांसाठी कोण थांबतं? वामन तसाच पुढे निघाला आणि भराभर शेवटाला पोचला.

जंगलाचा श्वास वरच राहिला. सशाला ठसका लागला. हरिणींना काय झालं ते कळेना. काहीतरी होता होता राहिलं, एवढंच त्यांना वाटलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात अध्यक्ष जागे झाले आणि त्यांनी खूर आपटला. अध्यक्षांनीच खूर आपटल्यावर काय राहिलं? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"काय हा आत्मविश्वास!" साळुंकीबाई ओरडल्या. "गेल्या वर्षीची उचकी आठवा आणि आजचा हा आवेश बघा!"

पहिल्या रांगेतून बारीक आवाज आला. "वामन, जागा राहिली रे."

वामननं खाली पाहिलं. तिथं एक लहानसा, काळानिळा, झिजलेला दगड होता.

"बाई," तो साळुंकीबाईंना म्हणाला, "पुढच्या दगडातून काहीतरी आवाज येतोय."

"येऊ द्या हो," साळुंकीबाई म्हणाल्या. "तुम्ही आधी नारळ घ्या."

बुवा पुन्हा काही बोलले नाहीत. पाऊस लागायच्या आत ते गेले. मला हे सांगताना अजूनही वाईट वाटतं, तेव्हा थोडा वेळ कुणी काही विचारू नका.

बरं. पुढे ऐका.

वामनचं नाव झालं. या डोंगरावर वामन, त्या डोंगरावर वामन. बारसं असो की वारुळाचं उद्घाटन असो, पहाटेची शीळ हवीच. तो छाती काढून उभा राहायचा आणि कुठंही न थांबता शेवटाला पोचायचा. लहान पाखरं त्याच्याकडून शीळ शिकली. त्यांच्या आयांनी सांगितलं, "बघ, जराही घाबरत नाही. असं व्हायचं."

आणि श्रोते? श्रोते बिचारे आधी एक-दोनदा श्वास धरून बसले. धरलेला श्वास कुणी सोडवतच नाही म्हटल्यावर त्यांनी तो धरणं सोडून दिलं. मग ते येताना बोरं आणू लागले. शीळ चालू असताना बोरं खाऊ लागले, उवा काढू लागले, मुलांची लग्नं जमवू लागले. शेवट आला की मात्र सगळे टाळ्या वाजवत. तेवढी शिस्त होती.

एका सकाळी वामन ओढ्याकाठी एकटाच होता. गळा छान लागलेला होता. सहज त्यानं ती जुनी शीळ सुरू केली आणि का कोण जाणे, टोकाला जाऊन थांबला. बुवा थांबत तसा. आता उतरायचं. पण कशावर? त्यानं कान दिला. समोर नुसते गोटे होते. इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं, की गोट्यांना श्वास नसतो.

 वामनचे पंख थरथरायला लागले. तो उडत उडत गेंडेसरांकडे गेला.

"सर, भीती परत आली."

गेंडेसर एका वारुळासमोर उभे होते. ते वारुळाला म्हणाले, "वामनराव, समोर कोण असतं?"

"सर, मी इकडे आहे. फांदीवर."

"दिसताय की," गेंडेसर वारुळाला म्हणाले. "छाती आणखी पुढे घ्या. मागच्यापेक्षा जरा सुटलात हं."

वामननं वारुळाकडे पाहिलं, मग सरांकडे.

"सर, तुम्हाला दिसत नाही?"

"शिंगापलीकडचं कधीच दिसलं नाही," गेंडेसर मोठ्या अभिमानानं म्हणाले. "समोर कुणी आहे की नाही, ते मला आजतागायत कळलेलं नाही. म्हणून तर आपली पद्धत इतकी पक्की आहे!"

वामनला हसावं की रडावं ते कळेना. त्यानं दोन्ही केलं नाही. तो परत आला आणि नेच्यांच्या झुडपाआड बसून पहिल्यापासून मेहनत करू लागला. बुवांची मिटलेली पापणी आठवायची, टोकाला जायचं, थांबायचं. समोर कुणी नसताना जागा उतरत नव्हती. पण ती कुठून उतरते ते त्याला आता पक्कं कळलं होतं. येत्या उत्सवात ती उतरवायची, मग तिथंच प्राण गेला तरी चालेल, असं त्यानं ठरवलं. आपलं ऐकायला बुवा नाहीत, एवढंच त्याला सलत होतं.

उत्सव आला. सत्कार झाले. गव्यांचं भाषण झालं. वामन कातळावर चढला आणि त्यानं छाती पुढे काढली नाही. त्यानं एकेकाकडे नीट पाहिलं. ससा ससा होता. हरणं हरणं होती. त्याचे पंख इतके थरथरले की पायाखालचा कातळ हलतोय असं त्याला वाटलं. तशातच त्यानं शीळ सुरू केली.

बाळांनो, अशी शीळ त्यानं जन्मात घातली नव्हती. ती चढत गेली, चढत गेली, आणि टोकाला जाऊन थांबली. वामननं कान दिला. आता सगळ्यांचा श्वास अडकेल. आता सुटेल. आता उतरायचं.

काठावर बोरं फुटत होती. दोन घोरपडी कुणाच्या तरी सासूबद्दल बोलत होत्या. अध्यक्ष घोरत होते. कुणाचाच श्वास अडकला नव्हता, त्यामुळे सुटायचा प्रश्नच नव्हता. वामन थांबून राहिला. चोच उघडी, नजर एकेकावर, कुणीतरी मिळेल म्हणून.

"संपलं वाटतं," एक माकड म्हणालं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"नाही, अजून..." वामन म्हणाला, पण टाळ्या जोरात होत्या. साळुंकीबाई पुढे आल्या. "काय हा आत्मविश्वास!" म्हणाल्या आणि आभार मानू लागल्या. वामनपुढे नारळ आला. खाली उतरायचं राहिलं ते राहिलंच. त्या शीळेची जागा त्या जंगलात पुन्हा कुणी ऐकली नाही, आणि ती गेली हेही कुणाला कळलं नाही.

तात्पर्य: गायला उभे राहाल तेव्हा समोरच्यांना खुशाल दगड समजा. सुरुवातीला जड जातं. पण नेटानं समजत राहिलात तर एक दिवस ते खरोखरच दगड होतात, आणि मग भिण्यासारखं समोर कुणी उरत नाही.